संगत म्हणजे कोण?

या पानावर दर दिवाळीला मी घरातल्या, नाही तर कॉलेजातल्या गमती सांगतो आणि वाचक त्या चिवड्याबरोबर तोंडी लावतात, अशी माझी समजूत आहे. यंदाही गंमतच सांगणार आहे. पण ती माझ्यावरच उलटलेली आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

श्रावणात एका सकाळी फोन आला. बोलणाऱ्या बाई सरकारी खात्यातल्या होत्या, पण आवाज मोठा गोड होता. "सर, आमच्या नव्या लोकांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण आहे. दुसऱ्या दिवशी दुपारचा दीड तास तुम्ही घ्यावा. विषय, अहवाललेखन."

"नवे लोक म्हणजे कोण?" मी विचारले.

परिविक्षा अधिकारी, निरीक्षणगृहातले काळजीवाहक, पोलीस ठाण्यांतले बालकल्याण पोलीस अधिकारी, शिवाय बाल न्याय मंडळाचे एक नवे सदस्य. बाईंनी यादी वाचून दाखवली.

"हां हां, म्हणजे बालगुन्हेगारांचे खाते!" मी समजूतदारपणे म्हणालो.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. "सर, तो शब्द आम्ही आता वापरत नाही."

प्रशिक्षण त्यांचे होते, पण पहिला धडा असा मला मिळाला. फोन ठेवल्यावर सौभाग्यवतींना ही वार्ता ऐटीत सांगितली. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही त्यांना शुद्धलेखन शिकवणार? ऱ्हस्वदीर्घाने कुठल्या पोराचे भले झाले आहे?"

त्या रात्री मी कायदा वाचायला घेतला. बाल न्याय अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कायद्याचे मराठी वाचणे म्हणजे चकलीचे भाजणीसकट वजन करण्यासारखे असते. पण तिसऱ्या कलमाशी मी अडलो. या कायद्याचा कारभार ज्या तत्त्वांवर चालायचा ती तिथे दिली आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या मनात दुष्ट हेतू नाही, हे गृहीत धरून सुरुवात करायची, असे एक तत्त्व. आणि आणखी एक असे की, मुलासंबंधीच्या कामकाजात त्याला डाग लावणारे, आरोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला बरे वाटले. शब्द जपून वापरा असे सांगणारा कायदा मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

आता गुन्हेगार म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? 'विधिसंघर्षग्रस्त बालक.' हा शब्द एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला मी आमच्या घरचे दोन बेसनाचे लाडू द्यायला तयार आहे. पण थट्टा राहू द्या. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त या पंगतीत हे पोर बसवले आहे, हे लक्षात घ्या. ग्रस्त म्हणजे गिळलेला. पंचांगातला ग्रस्तोदय आठवा. शब्द जिभेला जड आहे, पण करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आपण मात्र अजून 'रिमांड होम' म्हणतो. उंटवाडीच्या निरीक्षणगृहावरून जाताना रिक्षावाले तेच म्हणतात. लहानपणी मी दूध सांडले की आईही त्याच नावाचा धाक घालायची.

ठरल्या दिवशी पावसाने झोड उठवली होती. गोदावरीला पाणी चढले होते आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आले की नाही, यावर शहरभर नेहमीची चर्चा चालली होती. सभागृहात चाळीसेक माणसे. पहिल्या रांगेत साध्या वेषातले पोलीस. पण बसण्याच्या ढबीवरून कोणीही ओळखावे. मधल्या रांगांत नुकत्याच लागलेल्या मुली आणि मुलगे, वह्या उघडून. मागे भिंतीशी टेकून निरीक्षणगृहातले काळजीवाहक. त्यांतल्या एका गृहस्थांच्या मिशा पिकल्या होत्या. ते नव्यांत कसे आले कोण जाणे. बहुधा तीस वर्षे काम केल्यावर त्यांच्या प्रशिक्षणाचा मुहूर्त लागला असावा.

तसे नाशिकला प्रशिक्षणाचे वावडे नाही. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. त्र्यंबक रस्त्यावर पोलीस अकादमी आहे. फौजदार घडवण्याचे काम नाशकात शंभराहून अधिक वर्षे चालले आहे. तोफ डागायला आणि कवायत करायला महिनोन्महिने शिकवतात. चौदा वर्षांच्या घाबरलेल्या पोराशी बोलायला तीन दिवस, त्यांतला दीड तास माझा! अर्थात ही तक्रार जुनीच आहे. मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा १९२४ चा. बालन्यायालय आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. आणि समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, मुंबईत निघाली ती १९३६ साली. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव तिला १९४४ मध्ये मिळाले. म्हणजे कायदा आधी आला आणि तो राबवायला शिकवणारी शाळा बारा वर्षांनी. आता निदान कायद्यातच लिहून ठेवले आहे की, मंडळावर नेमलेल्या सदस्यांना, अगदी दंडाधिकाऱ्यांनासुद्धा, नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यावे. आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान एक अधिकारी या कामासाठी शिकवून तयार केलेला असावा.

मुळात हे काम सुरू केले ते कसलेही शिक्षण नसलेल्या माणसाने. अमेरिकेत बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा होता. १८४१ साली तो कोर्टात बसला असताना एका दारुड्याला आणले. ऑगस्टसला त्याची दया आली आणि तो त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवरच नव्हे, चांगल्या कपड्यांत कोर्टापुढे उभा राहिला. मग ऑगस्टसला तो नादच लागला. १८५९ मध्ये तो वारला, तोवर जवळजवळ दोन हजार माणसांना तो जामीन राहिला होता. त्यांत पुष्कळ बायका आणि मुलेही होती. ना नेमणूकपत्र, ना पगार. पण जामीन राहण्याआधी तो चौकशी करी: वय काय, मागची वागणूक कशी, आणि पुढे याच्याभोवती कोण माणसे असणार. आजच्या परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल त्याच चौकशीचा वंशज आहे. मूल पहिल्यांदा मंडळापुढे आले की १५ दिवसांत तो सादर करायचा असतो. घर, शाळा, शेजार, आजार, कमाई, मित्र, सगळे त्यात येते. मंडळावरची तीन माणसे, एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, पोराला पाहतात दहा-पंधरा मिनिटे. बाकीचे पोर त्यांना या कागदावरच भेटते.

ही माहिती मी मोठ्या थाटात सांगितली. पण मधल्या रांगेत दोघे जण हसू दाबत होते. चहाच्या वेळी कारण कळले. मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, हे वाचकांना आठवत असेलच. देशभर संताप उसळला. आदेश बदलला, चौकशी झाली, मंडळाच्या दोन सदस्यांच्या नेमणुका पुढे शासनाने रद्द केल्या. मी निबंध शिकवणारा. तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये मला 'जामीनदार' म्हणतात. ती थट्टा इथेही येऊन पोचली होती.

मी नमुन्यादाखल एक काल्पनिक प्रकरण बनवून नेले होते. सोळा वर्षांचा मुलगा. दुसऱ्याची मोटारसायकल त्याच्याजवळ सापडली. घरी आई, आजारी वडील, लहान बहीण. "दहा मिनिटांत याच्याविषयी पाच ओळी लिहा," मी सांगितले. कागद गोळा करून वाचू लागलो. उनाड, उडाणटप्पू, टारगट, वात्रट, सराईत... पोराला नावे ठेवायला आपल्या भाषेत शब्दांची ददात नाही, हे मला माहीत होते. पण एका काल्पनिक मुलाला दहा मिनिटांत इतकी बिरुदे मिळतील असे वाटले नव्हते. चार कागदांवर 'गाडी चोरली' असे होते. चोरल्याचे माझ्या प्रकरणात कुठेच म्हटले नव्हते, सापडली एवढेच म्हटले होते. आणि जवळजवळ सगळ्यांनी लिहिले होते, 'घरची परिस्थिती हलाखीची.' हे वाक्य म्हणजे सरकारी कागदावरचा श्रीगणेशा असावा.

"आता विशेषणे खोडा," मी म्हणालो, "आणि उरते काय ते बघा." खोडल्यावर बऱ्याच कागदांवर मुलाचे वय तेवढे उरले.

पहिल्या रांगेतले एक अधिकारी उठले. आवाज नम्र, पण मुद्दा सोडणारा नव्हता. "सर, आम्ही बेडी घालत नाही, कोठडीत ठेवत नाही, २४ तासांच्या आत मंडळापुढे नेतो, पोराशी बोलायला गणवेशही उतरवतो. सगळे मान्य. पण ज्याची गाडी गेली तो नळजोडणी करणारा माणूस असतो. गाडीचे हप्ते फिटलेले नसतात. गाडी नाही म्हणून आठवडाभर त्याला काम नाही. तो रोज ठाण्यात येऊन बसतो. त्याच्यासाठी कोणता गोड शब्द काढलाय सरकारने?"

सभागृह गप्प झाले. खरे सांगायचे तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही पुरते नाही. आपल्यासारख्यांच्या घरांत या विषयावर दोनच पक्ष असतात: पेपर वाचताना "फटके द्या एकेकाला", आणि आपल्या सोसायटीतला मुलगा असला की "अहो, वय आहे". ज्याची गाडी गेली तो दोन्हींत कुठे नसतो.

उत्तर दिले ते दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने. पंचविशीची असेल, दिंडोरीकडची, आणि नोकरीला चार महिने झालेले. "साहेब, त्यांचं नुकसान पण लिहायचं," ती म्हणाली. "किती दिवस काम बुडालं, किती हप्ता थकला, सगळं. फक्त पोराला सराईत लिहिल्याने त्यांचा हप्ता भरत नाही." साहेब बसले. पटले की नाही ते चेहऱ्यावर दिसले नाही, पण वहीत त्यांनी काहीतरी टिपले.

मग मी मागच्या पिकल्या मिशांच्या गृहस्थांकडे वळलो. "काका, तुम्ही काय लिहिलेत?"

"आम्हाला लिहायचं काम नसतं, सर. आम्ही रात्री दार लावतो." लोक हसले. काका हसले नाहीत. "पहिल्या रात्री पोरगं झोपत नाही. कितीही दांडगं असू द्या. भिंतीकडं तोंड करून पडतं, पण डोळे उघडे. नवीन माणूस ड्यूटीला आला की त्याला वाटतं, आता एकटं सापडलंय, विचारून घ्यावं काय केलं, कुणी शिकवलं. मी म्हणतो, विचारायचं नाही. जेवला का, एवढंच विचारायचं. आणि संडास कुठंय ते दाखवायचं. अंधारात विचारायला लाजतात, मग अंथरूण ओलं होतं, आणि दुसरी पोरं ते महिनाभर विसरू देत नाहीत."

वह्यांवर पेनांचा खरखर आवाज झाला. माझ्या व्याख्यानात तो तोवर एकदाही झाला नव्हता.

वेळ संपत आली होती. आता कळसाध्याय म्हणून मी स्वतः लिहिलेला आदर्श अहवाल वाटला. रात्री जागून लिहिला होता. भाषा नेटकी, वाक्ये छोटी, एकही जड शब्द नाही. माना डोलू लागल्या. तेवढ्यात दिंडोरीची ती मुलगी पुन्हा उभी राहिली.

"सर, तिसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलंय, 'शाळेच्या म्हणण्यानुसार मुलाची संगत चांगली नाही.' संगत म्हणजे कोण?"

"म्हणजे मित्रमंडळी. वाईट मुलांचा सहवास."

"ते समजलं सर. पण कोण? नावं? किती जण? कुठं भेटतात? मला घरी जाऊन चौकशी करायची असली तर मी कोणाला भेटू?"

पेन हातात धरून ती उत्तराची वाट पाहत होती. तिच्या प्रश्नात खोच नव्हती. तिला खरोखरच लिहून घ्यायचे होते. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण ती ओळ मी त्या रात्री बनवली नव्हती. ती मी बारा वर्षांपूर्वी एकदा लिहिली होती, सहीनिशी.

तेव्हा मी दुसऱ्या एका कॉलेजात होतो. अकरावीच्या एका तुकडीचा वर्गशिक्षक. परीक्षेचे गठ्ठे टेबलावर होते. शिपाई कार्यालयातून चिठ्ठी घेऊन आला: अमुक विद्यार्थ्याच्या वर्तणुकीबद्दल दोन ओळी द्याव्यात, तातडीचे आहे. कोणी मागवल्या, कशासाठी, मी विचारले नाही. मुलगा आठवला. पहिल्या तासाला हटकून गैरहजर. आला तर बाकावर डुलक्या काढणारा. आणि दोनदा भल्या पहाटे मी त्याला चहाच्या टपरीवर पाहिले होते. बरोबर दोन थोराड पोरे, अंगात मळके बनियन, डोक्याला फडके. मी लिहिले: 'वर्गात अनियमित. संगत चांगली नाही.' सही, तारीख. शिपाई चिठ्ठी घेऊन गेला आणि मी पुन्हा गठ्ठ्याकडे वळलो. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असेल.

मुलगा पुढे वर्गात आला नाही. कसल्याशा मोबाईलच्या प्रकरणात पोलिसांनी नेले, एवढे कानावर आले. परीक्षा आटोपता आटोपता त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने सहज सांगितले की, तो पहाटे तीनपासून मार्केट यार्डात टोमॅटोच्या जाळ्या उतरवायचा. ती थोराड पोरे म्हणजे त्याचे चुलतभाऊ. त्यांनीच त्याची फी भरली होती.

म्हणजे संगत ती होती.

हे कळल्यावर मी काय केले? काही नाही. दुसरी चिठ्ठी लिहायची ती कोणाच्या नावे, हे आपल्याला ठाऊक नाही, असे मी मला समजावले. कार्यालयात त्या शिपायाला विचारले असते तर पाच मिनिटांत कळले असते. पण मग आधीची चिठ्ठी चुकली असे लिहून द्यावे लागले असते, खाली सही करून. मुलाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. माझ्या दोन ओळींनी काही बिघडले की त्या कोणी वाचल्याच नाहीत, तेही माहीत नाही. असली कागदपत्रे ठराविक मुदतीनंतर नष्ट करायची, असे कायदा सांगतो. मुलाला कोऱ्या पाटीने सुरुवात करता यावी म्हणून. तेव्हा माझी चिठ्ठीही कुठेतरी नष्ट झाली असेल. सोय मुलाची म्हणून केलेली. पण फायदा माझाही झालाच.

सभागृहात हे सगळे मी सांगितले. आधी 'माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने' अशी सुरुवात केली होती. दोन वाक्यांनंतर ते सोंग जमेना, तेव्हा 'मी' म्हणालो. सांगून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. मघाचे पोलीस अधिकारी मात्र अगदी हळू आवाजात, माझी समजूत घातल्यासारखे म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. असे कागद आमच्याकडे रोज येतात."

दिंडोरीच्या मुलीने माझ्या आदर्श अहवालातली तिसरी ओळ खोडली आणि शेजारी काही लिहिले. मी जवळ जाऊन पाहिले. 'मित्र कोण? मुलाला, आईला, बहिणीला वेगवेगळे विचारणे. सकाळी किती वाजता उठतो?' हा शेवटचा प्रश्न बारा वर्षांपूर्वी मला सुचता तर! सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असला, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हे ठरवताना मंडळाला तो गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला म्हणतात, तेही पाहावे लागते. तिथे एखादा वर्गशिक्षक गठ्ठे तपासता तपासता दोन ओळी देत असेल, या विचाराने मला त्या पावसातही घाम फुटला.

घरी आलो तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "काय, शिकले का मग ते?" मी म्हणालो, "चहा टाक." त्या समजल्या. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली आहेत.

त्या मुलीला मी माझा नंबर दिला होता. शब्दांची काही अडचण आली तर विचारा, असे म्हणून. नवरात्रात एका संध्याकाळी तिचा फोन आला. मुलाचे नाव-गाव ती सांगणार नव्हती, आणि मी विचारणारही नव्हतो; ते उघड करायला कायद्याची बंदी आहे.

"सर, अहवाल लिहितेय. 'मुलगा हट्टी आहे' असं सगळे सांगतात. काळजीवाहक, शाळा, सगळेच. मी खोडलं. पण त्याच्या जागी काय लिहू?"

"हट्ट कसला करतो?"

"आई येऊन भेटल्याशिवाय रात्रीचं जेवणार नाही म्हणतो. चार दिवस झाले."

"आई येते का?"

"यायची आहे सर. तिच्याकडे गाडीभाड्याचे पैसे नाहीत. आज आमच्या ऑफिसातून सोय केलीये, उद्या सकाळच्या एस.टी.ने निघेल."

"मग हेच सगळे लिहा," मी म्हणालो.

"एवढं चालेल? भाषा साधी वाटते हो सर."

"चालेल. आणि एस.टी. किती वाजता पोचते, तेही मुलाला आज रात्रीच सांगून ठेवा."

"सांगितलंय," ती म्हणाली. "आत्ता पोळी खातोय."